सर्वांत मोठे किती?

दहावीच्या निकालाच्या दिवशी घरात एक तरी काका असा असतोच, जो पेढा तोंडात टाकण्याआधी विचारतो, "बेस्ट ऑफ फाइव्ह धरून की सहाही विषयांचे?" महाराष्ट्रात हा प्रश्न २०१० पासूनचा. त्याआधीच्या दोन वर्षांत अकरावी प्रवेशासाठी आणलेले पर्सेंटाइलचे आणि नव्वद-दहा कोट्याचे प्रयोग न्यायालयात टिकले नव्हते. मग राज्य मंडळाच्या मुलांसाठी सहापैकी सर्वाधिक गुणांचे पाच विषय धरायचे, असा तोडगा निघाला. त्यालाही आव्हान मिळालं. मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी तो राहू दिला. वकिलांनी त्यावर किती ताव खर्च केले असतील कोण जाणे. शाळेतल्या वर्गशिक्षकापुढे मात्र त्याचं एकच रूप येऊन पडलं. निकालपत्रकाच्या एका ओळीत सहा आकडे आहेत, त्यांतले सगळ्यांत मोठे पाच घ्यायचे आणि त्यांची बेरीज करायची.

पाच ठरलेलेच असतील तर सोपं आहे. सहाही आकडे मिळवायचे आणि सगळ्यांत लहान वजा करायचा. त्याला कॉम्प्युटरही लागत नाही. पंचाईत होते ती 'पाच'च्या जागी 'किती' आल्यावर. एखाद्या मुलाला एका विषयात सूट असते. कॉलेजात कुणी तीन चाचण्यांतल्या चांगल्या दोन धरतं, कुणी पाचांतल्या तीन, आणि पुढच्या वर्षी अभ्यास मंडळाच्या बैठकीत तो आकडा बदलतो. आकडा बदलला की कुणीतरी शंभर ओळींची सूत्रं दुरुस्त करत बसतं आणि त्यांतली दोन दुरुस्त करायची राहतात. म्हणून मागणी अशी असते की 'किती' हा आकडा एका वेगळ्या सेलमध्ये लिहावा, तो बदलला की बेरीज आपोआप बदलावी. एक्सेलमध्ये ही गोष्ट करायच्या किमान सहा-सात वाटा आहेत. मी त्यांतल्या बहुतेक चालून पाहिल्या आहेत. माझं मत आधीच सांगून टाकतो. या वाटांमधला फरक वेगाचा किंवा सुबकपणाचा नाही. नियमात न लिहिलेल्या गोष्टी प्रत्येक वाट आपापल्या मनाने ठरवते आणि ठरवताना आपल्याला विचारत नाही.

ही गरज फक्त शाळेची नाही. बॅडमिंटनच्या जागतिक क्रमवारीत खेळाडूच्या मागच्या ५२ आठवड्यांतल्या सर्वोत्तम १० स्पर्धांचे गुण धरतात. दहा किंवा त्याहून कमी स्पर्धा खेळल्या असतील तर जेवढ्या असतील तेवढ्या. गोल्फमध्ये याचं आणखी गमतीदार रूप आहे. तिथे कमी फटके म्हणजे चांगला खेळ, त्यामुळे मोठे आकडे नव्हे तर लहान आकडे निवडायचे. जगभर २०२० पासून लागू झालेल्या हँडिकॅप पद्धतीत मागच्या २० फेऱ्यांतल्या सर्वोत्तम ८ घेतात. पण नवख्या खेळाडूच्या वीस फेऱ्या झालेल्याच नसतात. त्यासाठी तक्ताच दिला आहे: १२ ते १४ फेऱ्या असतील तर ४ घ्या, १५-१६ असतील तर ५, १७-१८ असतील तर ६, १९ असतील तर ७. म्हणजे 'किती' हा आकडाही हाताने लिहायचा नाही, तोही दुसऱ्या तक्त्यातून शोधून आणायचा. आपल्या प्रश्नाचं इतकं नेमकं उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही.

आता वाटा. एक्सेलमध्ये लार्ज नावाचं फंक्शन आहे. त्याला आकड्यांची रांग द्यायची आणि कितवा मोठा हवा ते सांगायचं. पहिला मोठा, दुसरा मोठा, असं एकेक तो काढून देतो. पाच हवे असतील तर पाच लार्ज लिहून त्यांच्यामध्ये अधिकची चिन्हं टाकायची. बहुतेक शाळांच्या तक्त्यांत मी हेच पाहिलं आहे. त्यात चूक काही नाही, फक्त 'पाच' हा आकडा सूत्राच्या लांबीतच कोंबला गेलेला असतो. दुसरी वाट म्हणजे लार्जला कितवाच्या जागी महिरपी कंसात एक ते पाच अशी यादी देणं. सूत्र आखूड झालं, पण पाच तिथेच खिळलेला.

हा खिळा काढण्यासाठी जुन्या एक्सेलवाल्यांनी एक युक्ती काढली. रो हे फंक्शन ओळीचा क्रमांक सांगतं. एकपासून पाचपर्यंतच्या ओळी त्याला दिल्या की एक, दोन, तीन, चार, पाच ही यादी फुकटात मिळते. मग 'एक ते अमुक' हा मजकूर जोडून तयार करायचा, अमुकच्या जागी आपल्या सेलमधला आकडा घ्यायचा, इनडायरेक्टने त्या मजकुराचा ओळींचा पत्ता करायचा आणि हे सगळं समप्रॉडक्टच्या पोटात घालायचं. समप्रॉडक्ट कशासाठी? कारण साध्या समने तेव्हा अशी यादी घेतली नसती. त्यासाठी कंट्रोल, शिफ्ट आणि एंटर अशा तीन कळा एकत्र दाबाव्या लागत आणि सूत्राभोवती महिरपी कंस आपोआप उमटत. कुणी नंतर त्या सेलमध्ये शिरून नुसतं एंटर दाबलं की कंस गळून पडत आणि उत्तर बदले. समप्रॉडक्टमुळे ही कटकट टळली. वीसेक वर्षं अर्ध्या जगाचं काम याच सूत्रावर चाललं.

इनडायरेक्ट मात्र कामाला जड. शीटमध्ये कुठेही काही टाइप केलं की एक्सेल ते पुन्हा मोजतं. शंभर मुलांच्या तक्त्यात ते जाणवत नाही, वीस हजार ओळींच्या तक्त्यात दर एंटरनंतर उसासा टाकावा लागतो. म्हणून काही हुशार लोक इनडायरेक्ट टाळून रोमध्ये थेट 'एक ते पाच' लिहितात. त्यांतला एक मी होतो. एकदा निकालाच्या आदल्या दिवशी शीर्षक टाकायला म्हणून तक्त्याच्या वर एक ओळ घातली. एक्सेलने इमानदारीने माझ्या सूत्रातलं 'एक ते पाच' सरकवून 'दोन ते सहा' केलं. वर्गातल्या प्रत्येक मुलाचा सर्वोत्तम विषय वगळला गेला आणि सगळ्यांत वाईट विषय धरला गेला. कुठेही लाल खूण नाही, चूक दाखवणारा शब्द नाही. पहिल्या क्रमांकाच्या मुलीचे टक्के तिच्या आईला पाठ होते, म्हणून ते उघडकीला आलं. यावर उतारा आहे. रोला ओळींचे क्रमांक थेट न देता, संपूर्ण रकान्यातला पहिला सेल आणि अमुकवा सेल असे दोन्ही इंडेक्सने काढून द्यायचे. ओळी कितीही घातल्या तरी संपूर्ण रकाना हा संपूर्ण रकानाच राहतो. शिवाय इनडायरेक्टचं ओझंही जातं.

आता ज्या वाटेबद्दल मला सगळ्यांत जास्त बोलायचं आहे, ती उंबरठ्याची. कल्पना फार साधी आहे. अमुकवा मोठा आकडा लार्जने काढा, तो उंबरठा. मग समइफला सांगा की उंबरठ्याइतके किंवा त्याहून मोठे सगळे आकडे मिळव. यादी नको, तीन कळा नकोत, जड इनडायरेक्ट नको. सूत्र वाचणाऱ्यालाही लगेच कळतं. समजा एका मुलाचे गुण ९१, ८४, ७८, ७२, ७२ आणि ६५ आहेत. सर्वोत्तम पाच मागा, उत्तर ३९७, अगदी बरोबर. आता सेलमधला आकडा ५ चा ४ करा. खरं उत्तर ३२५ यायला हवं. सूत्र पुन्हा ३९७च म्हणतं. उंबरठा ७२ आहे आणि त्यावर दोघे उभे आहेत, सूत्राने दोघांनाही आत घेतलं.

एवढ्याशा गोष्टीने काय होतं, हे पाहायला १९८८ चा फॉर्म्युला वनचा मोसम घ्यावा. १६ शर्यती झाल्या आणि नियम असा होता की प्रत्येक चालकाच्या सर्वोत्तम ११ निकालांचेच गुण धरायचे. पहिल्याला ९, दुसऱ्याला ६, पुढे ४, ३, २, १. मॅकलॅरेनचेच दोन चालक एकमेकांशी झुंजत होते. ॲलन प्रॉस्टने ७ शर्यती जिंकल्या आणि ७ वेळा तो दुसरा आला, एकूण १०५ गुण. आयर्टन सेनाने ८ जिंकल्या, ३ वेळा दुसरा आला, एकदा चौथा आणि एकदा सहावा, एकूण ९४. सर्वोत्तम ११ धरल्यावर प्रॉस्टच्या ७ विजयांसोबत सातांतली चारच दुसरी स्थानं बसली, ६३ अधिक २४, म्हणजे ८७. सेनाचे ७२ अधिक १८, म्हणजे ९०. सेना जगज्जेता झाला. आता हेच गुण उंबरठ्याच्या सूत्रात घाला. दोघांचाही अकरावा मोठा आकडा ६ आहे. सेनाचे ६ किंवा जास्त गुणांचे निकाल बरोबर अकराच, त्यामुळे त्याचे ९० कायम. प्रॉस्टच्या मात्र सातही दुसऱ्या स्थानांना आत प्रवेश मिळतो आणि बेरीज १०५ होते. एका 'किंवा तेवढेच'ने जगज्जेता बदलला! (तो नियम मुळात न्याय्य होता का, हा वेगळा वाद आहे. जास्त गुण मिळवून हरल्याचं दुःख प्रॉस्टच्या चाहत्यांना अजून आहे. १९९१ पासून सगळ्याच शर्यतींचे गुण धरले जाऊ लागले.)

गंमत म्हणजे हीच वाट थोडी डागडुजी केली तर सगळ्यांत भरवशाची होते. उंबरठ्याहून काटेकोरपणे मोठे असलेले आकडेच मिळवायचे. ते किती आहेत हे काउंटइफने मोजायचं. हव्या असलेल्या संख्येतून ते वजा करायचे आणि जेवढ्या जागा उरतील तेवढ्या वेळा उंबरठाच धरायचा. वरच्या मुलाचं उदाहरण घ्या. ७२ हून मोठे तिघे, त्यांची बेरीज २५३. चारांतली एक जागा उरली, म्हणून एक वेळ ७२. झाले ३२५. हे सूत्र कुठल्याही जुन्या एक्सेलमध्ये, गूगल शीट्समध्ये, लिबरऑफिसमध्ये, एका साध्या एंटरवर चालतं. लांब आहे, दिसायला ओबडधोबड आहे. मला ते आवडतं.

क्रमांकाचा वेगळा रकाना काढून 'क्रमांक अमुकपर्यंत' अशी बेरीज करणारेही बरेच आहेत. त्यांच्याबद्दल एवढंच सांगतो की बरोबरीतल्यांना रँक एकच क्रमांक देतो, म्हणजे उंबरठ्याचाच रोग वेगळ्या अंगावर.

२०१८ च्या सप्टेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सेलच्या गाभ्यातच बदल जाहीर केला. एका सूत्राचं उत्तर अनेक सेलमध्ये आपोआप पसरू लागलं, तीन कळांचं कर्मकांड संपलं, आणि सीक्वेन्स, सॉर्ट, फिल्टर अशी नवी फंक्शन्स आली. एक ते अमुक अशी यादी हवी असेल तर सीक्वेन्सला नुसता आकडा द्यायचा. ओळींचे क्रमांक उसने घेण्याची गरज उरली नाही. सम, त्याच्या पोटात लार्ज, लार्जच्या दुसऱ्या जागी सीक्वेन्स, आणि सीक्वेन्सच्या पोटात आपला सेल. वाचताना जीभ अडखळत नाही. आज कुणी विचारलं तर मी हेच लिहून देतो. लिबरऑफिसमध्ये सीक्वेन्स आणि सॉर्ट यायला २०२४ चा ऑगस्ट उजाडावा लागला.

२०२२ मध्ये टेक नावाचं आणखी एक फंक्शन आलं. क्रम लावलेल्या यादीतले पहिले अमुक तेवढे उचलून देणारं. तेव्हापासून 'उतरत्या क्रमाने सॉर्ट करा, पहिले अमुक टेकने घ्या, मिळवा' ही पाककृती लोकप्रिय झाली. ऐकायला ती फार नैसर्गिक वाटते. आपण कागदावर असंच केलं असतं. पण हिच्यात दोन खड्डे आहेत आणि दोन्ही शाळेच्या तक्त्यातच लागतात.

पहिला खड्डा आडव्या ओळीचा. निकालपत्रकात एका मुलाचे विषय आडवे असतात. सॉर्ट मात्र वेगळं सांगितलं नाही तर उभ्या रकान्याचाच क्रम लावतो. आडवी ओळ त्याच्या दृष्टीने एकच नोंद, तिचा क्रम काय लावायचा? तो तिला जशीच्या तशी परत करतो. टेकही पहिल्या पाच ओळी मागतो, ओळ एकच असते, ती सगळी मिळते. परिणाम म्हणजे सहाही विषयांची बेरीज, आणि सेलमध्ये ५ लिहा, ४ लिहा की २, उत्तर ढिम्म. दोघांनाही आडवं चालायला स्पष्ट सांगावं लागतं. लार्जला आडवं-उभं कळतच नाही, आणि त्याचं हे अज्ञान इथे उपकारक ठरतं.

दुसरा खड्डा गैरहजर मुलाचा. परीक्षेला न बसलेल्या मुलापुढे आपण शून्य लिहीत नाही, 'गैह' किंवा 'एबी' लिहितो. एक्सेलच्या क्रमात अक्षरं आकड्यांपेक्षा मोठी मानली जातात. उतरता क्रम लावला की 'गैह' सगळ्यांत वर जाऊन बसतो, टेक त्याला सन्मानाने पहिल्या पाचांत घेतो आणि सम अक्षरांकडे दुर्लक्ष करतो. बेरीज होते चारच विषयांची. म्हणजे गैरहजर राहून त्या मुलाने स्वतःचीच एक जागा अडवली! लार्ज मात्र अक्षरांना मोजतच नाही. पण या गुणाचाही दोष होऊ शकतो. दुसरीकडून चिकटवलेले गुण कधी कधी आकडे नसून आकड्यांसारखी दिसणारी अक्षरं असतात, सेलच्या डाव्या कडेला टेकलेली. लार्ज त्यांनाही वगळतो. मुलाचे ९५ गुण डोळ्यांना दिसतात, बेरजेत नसतात.

मग कमी पडणाऱ्यांचं काय? सहापैकी चारच विषयांत हजर असलेल्या मुलाचा पाचवा मोठा आकडा लार्जला मागितला तर तो चूक दाखवतो आणि अख्खी बेरीज नासते. गैरहजेरीच्या जागा रिकाम्या सोडल्या असतील तर टेक काहीच बोलत नाही, जेवढे आहेत तेवढे देतो. बॅडमिंटनच्या नियमाला टेकचं वागणं हवं आहे, कारण दहापेक्षा कमी स्पर्धा असतील तर तेवढ्याच धरा असं तिथे लिहिलेलंच आहे. त्यासाठी लार्जलाही शिकवता येतं, हवी ती संख्या आणि हजर आकड्यांची संख्या यांतली लहान ती घे. पण चार विषयांच्या जोरावर पाच विषयांची टक्केवारी काढायची असेल, तर चूक दाखवणारा लार्ज मला जास्त प्रामाणिक वाटतो. तो निदान हाक तरी मारतो. सेल रिकामा राहिला आणि 'किती' शून्य झाला, तर सीक्वेन्सही अशीच हाक मारतो.

गूगल शीट्समध्ये सॉर्टएन नावाचं फंक्शन आहे. किती ओळी हव्यात हे सांगितल्यावर ते पुढच्याच जागी विचारतं, बरोबरीतल्यांचं काय करू? शून्य दिलं तर मोजून तेवढ्याच ओळी मिळतात, एक दिला तर शेवटच्याशी बरोबरी असलेल्यांनाही आत घेतलं जातं. जागा रिकामी सोडली तर तेही शून्यच धरतं, पण प्रश्न निदान कागदावर येतो. या सगळ्या आढाव्यात मला भेटलेलं हे एकच फंक्शन, जे नियम करणाऱ्याला नियम विचारतं.

एक प्रकार तेवढा उरतो, ज्यात एकाच लांब यादीत सगळ्या मुलांचे गुण एकाखाली एक असतात. नव्या एक्सेलमध्ये आधी फिल्टरने त्या मुलाच्या ओळी काढायच्या आणि लार्जला द्यायच्या. जुन्यात, म्हणजे २०१० पासून, ॲग्रिगेट आहे. गुणांना अटीने भागायचं, अट न पाळणाऱ्या ओळीत शून्याने भागल्याची चूक येते, आणि ॲग्रिगेटला सांगायचं की चुकांकडे काणाडोळा कर. चुका मुद्दाम घडवून त्यांचीच चाळणी करणारा हा जुगाड ज्याला सुचला त्याला माझा नमस्कार.

आतापर्यंत आपण धरून चाललो की सगळे विषय शंभर गुणांचे आहेत. तसे नसतील तर सर्वांत मोठे म्हणजे काय, इथूनच सुरुवात करावी लागते. समजा दोन परीक्षा १०० गुणांच्या आणि एक चाचणी २० गुणांची. मुलाला मिळाले ८५, २५ आणि २. तिन्हींतल्या चांगल्या दोन धरून टक्केवारी काढायची आहे. कुणीही म्हणेल, चाचणीत १० टक्केच आहेत, ती टाका. उरले २०० पैकी ११०, म्हणजे ५५ टक्के. आता त्याऐवजी २५ गुणांची परीक्षा टाका. उरले १२० पैकी ८७, म्हणजे ७२.५ टक्के! सगळ्यांत वाईट टक्केवारीची चाचणी ठेवली आणि मुलाचे साडेसतरा टक्के वाढले. ती चाचणी वाईट होती, पण लहान होती, तिच्याने फारसं बिघडत नव्हतं. इथे गुणांवर लार्ज चालत नाही, टक्क्यांवरही चालत नाही.

सगळ्या जोड्या करून पाहणं हा एक उपाय. तिनांत दोन म्हणजे तीनच जोड्या, पण विसांत आठ म्हटलं तर सव्वा लाखाच्या वर जातात. दुसरा उपाय जास्त देखणा आहे. एक टक्केवारी मनात धरा, समजा ७२.५. प्रत्येक परीक्षेत मिळालेल्या गुणांतून, तेवढ्या टक्क्यांना जेवढे मिळायला हवे होते तेवढे वजा करा. पहिलीत ८५ वजा ७२.५, उरले अधिक १२.५. दुसरीत उणे ४७.५. चाचणीत २ वजा १४.५, म्हणजे उणे १२.५. यांतले सर्वांत मोठे दोन घ्या आणि मिळवा, बेरीज शून्य. बेरीज शून्याच्या वर आली तर मनातली टक्केवारी वाढवायची, खाली गेली तर कमी करायची, आणि शून्यावर थांबायचं. एक्सेलचं गोल सीक हे काम स्वतः करतं. फक्त रिकाम्या सेलमध्ये चुकून शून्य भरू नये, उण्या आकड्यांत ते न बोलावता वर चढून बसतं. बाकी त्या सेलमधलं सूत्र ओळखीचंच आहे: सम, त्याच्या पोटात लार्ज, लार्जच्या पोटात सीक्वेन्स.